घडी मोडलेली साडी

शहापूरच्या खडेबाजारात आमचं साड्यांचं दुकान आजोबांनी सुरू केलं, तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. बेळगावकरांना हे सांगायला नको, खरं आपल्यात इंदूर-बडोद्याची मंडळीही आहेत म्हणून लिहितो. रेल्वेपलीकडचं बेळगाव इंग्रजांचं आणि अलीकडचं शहापूर पटवर्धनांचं, असा कारभार 1948 च्या विलीनीकरणापर्यंत चालला. पुढे आठ वर्षं मुंबई राज्य, आणि 1956 च्या 1 नोव्हेंबरपासून म्हैसूर. दुकान जागचं हललं नाही, सरकारं बदलत गेली. पण आज सीमेबद्दल लिहायचं नाही. परत आलेल्या साड्यांबद्दल लिहायचं आहे.

आजोबांचा नियम साधा होता. घडी मोडली नसेल तर आठ दिवसांत साडी बदलून मिळेल. मोडली असेल तर नाही. आता घडी मोडली की नाही हे ठरवायचं कुणी? आजोबांनीच. ते गादीवर बसून साडी हातात घ्यायचे, आधी वास घ्यायचे, मग खांद्याच्या जागी पिनेचं भोक आहे का ते उजेडाकडे धरून बघायचे, शेवटी निऱ्यांची मूळ दुमड बोटाने चाचपायचे. समोर बाई, तिची सासू, कधी कधी शेजारीणसुद्धा. "काकू, हळदीकुंकवाला नेसलीसा की हो ही," एवढंच म्हणायचे. काकू हसायच्या, नाहीतर रागावून जायच्या, आणि पुढच्या संक्रांतीला परत यायच्या. एखादीची अडचण माहीत असली तर घडी मोडलेली साडीही ते गुपचूप ठेवून घ्यायचे. वहीत त्याची नोंद 'घरची' अशी असे. आज्जीच्या कपाटात अशा बऱ्याच 'घरच्या' साड्या होत्या.

समोर न आलेल्या गिऱ्हाइकाचं काय, हा प्रश्नही आजचा नाही. व्हीपी आठवते ना? टपालखात्याने व्हॅल्यू पेएबल पद्धत 1877 साली सुरू केली. वस्तू घरपोच, पैसे पोस्टमनच्या हातात, आणि ते पाठवणाऱ्याला मनीऑर्डरने. आजच्या 'कॅश ऑन डिलिव्हरी'ची ही पणजीच. पुण्या-मुंबईची पुस्तकं, औषधं, घड्याळं बेळगावात अशीच यायची. त्याला 'व्हीपी सोडवणं' म्हणत. गंमत अशी की आधी पैसे मोजायचे, मग पार्सल उघडायचं. आत काय निघेल ते नशीब. तरी 1898 च्या टपाल कायद्यात एक तरतूद होती: फसवणूक दिसली तर वसूल केलेले पैसे अडवून ठेवून घेणाऱ्याला परत करण्याचे नियम सरकारला करता येत. म्हणजे मध्ये जो उभा आहे, त्याने पैसे धरून ठेवायचे आणि वाद मिटवायचा, ही कल्पना फार पूर्वीच कायद्यात लिहिलेली होती.

दुसरी बाजूही होती. लोक व्हीपी मागवत आणि आली की नाकारत. जुन्या मासिकांत संपादक वर्गणीदारांना हात जोडत असत, की व्हीपी परत पाठवून आमचं नुकसान करू नका. जाण्यायेण्याचा भुर्दंड पाठवणाऱ्याच्याच माथी. आज माझा मुलगा अशा परत आलेल्या पार्सलांना 'आरटीओ' म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं गाडी पकडली की काय!

मध्यंतरीचा काळ ग्राहक चळवळीचा. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात 1974 साली ग्राहक पंचायत काढली, पाठोपाठ मुंबईची झाली, आणि 1986 मध्ये देशाचा ग्राहक संरक्षण कायदा आला. दुकानात त्यावरून वडिलांची आणि माझी बरीच वादावादी झाली. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी आमच्याकडे कधीच नव्हती, म्हणून कायदा आपल्यासाठी नाहीच, असं त्यांचं मत.

2018 साली मुलाने दुकान ऑनलाइन बाजारात नेलं. कोणत्या, ते लिहीत नाही. ऑनलाइन विकायचं तर छोट्या दुकानालाही जीएसटी नोंदणी सक्तीची होती. 2023 च्या ऑक्टोबरपासून लहान विक्रेत्यांना सूट मिळाली, पण राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांनाच. आमचं गिऱ्हाईक कोल्हापूर, आजरा, चंदगडचं. बेंगळूर पाचशे किलोमीटर, ते राज्यातलं. चंदगडला सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत येता येतं, ते परराज्य. म्हणजे सूट आमच्या काय कामाची?

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग साड्या परत यायला लागल्या. 'रंग वेगळा', 'आवडली नाही', आणि बरोबर लग्नसराईनंतर. अत्तराचा वास, काठाला हळद. आजोबांचं नाक आम्हाला मिळालं आहे, पण संगणकाला नाक कुठलं?

2022 च्या मे महिन्यात हातमागाची एक इरकली गेली, किंमत 4,800 रुपये. इरकलीच्या पदराची खूण जाणकारांना माहीत आहे. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा रेशमी ताणा वेगळा, आणि दोन्ही फासे घालून जोडतात. त्याला कोंडी म्हणतात. साडी उलटी करून बोट फिरवलं की तो जोड कळतो. दहा दिवसांनी परत आली ती यंत्रमागाची, तोच रंग, तसाच लाल पदर, पण जोडच नाही. आमची साडी ठेवून घेऊन दुसरीच परत पाठवलेली. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ होता, दोन्ही पदरांचे फोटो होते. मुलाने तक्रार टाकली. उत्तर आलं: 'फोटोंमध्ये फरक आढळत नाही.' पुन्हा टाकली. तेच वाक्य, खाली दुसरं नाव. तिसऱ्यांदा फोनवर एक मुलगी बोलली, बिचारी नम्र होती. "सर, दोन्ही रेड पल्लूच दिसतात." मी म्हटलं, बाई, उलटी करून बघा. ती कुठून बघणार! तिच्यासमोर साडी नव्हती, फक्त पडदा होता. प्रकरण बंद झालं, आणि वर परतीच्या वाहतुकीचे पैसे आमच्या हिशेबातून कापले गेले. विणकराचे पैसे द्यायचेच होते, ते दिले.

आता कायदा बघा. 2019 चा नवा ग्राहक कायदा 2020 च्या जुलैत लागू झाला, त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिन्याभरात. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही. हे चांगलंच झालं. माझ्या आत्येबहिणीला फुटका मिक्सर आला होता, तिने 1915 वर तक्रार नोंदवली आणि पैसे मिळाले. पण हे सगळं घेणाऱ्यासाठी. विकणारा कायद्याच्या व्याख्येत सहसा ग्राहक बसत नाही. त्याला बाजारवाल्याशी केलेला करार, आणि आमच्या करारात भांडणाची जागा बेंगळूर. 4,800 रुपयांसाठी बेंगळूरला वकील कोण करणार? घेणारे सगळे लबाड असं मी म्हणत नाही. निवाडा करणाऱ्याने वस्तू हातात धरावी, एवढीच माझी तक्रार आहे.

मुलाने हातमागाच्या साड्या तिथून काढल्या. आता तिकडे फक्त यंत्रमागाच्या जातात.

गेल्या पाडव्याला कोल्हापूरच्या एक बाई दुकानात आल्या. त्यांच्या आईपासूनचं गिऱ्हाईक. आठवड्यापूर्वी नेलेली इरकली बदलून हवी होती, मोरपंखीऐवजी जांभळी. घडी तशीच, कागद तसाच. मी साडी घेतली आणि न कळत पदर उलटा करून जोडावर बोट फिरवलं. बाई बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुमच्या आजोबांनी आमच्या आईचा पदर कधी उलटा केला नव्हता." मी जांभळी काढून दिली. त्यांनी चहा घेतला नाही.