गिरणीची चिमणी

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली. पुढे परळ-लालबागला गिरण्या आणि चाळी शेजारी शेजारी वाढल्या. भोंग्यावर घड्याळ लावायचं, असा तो काळ.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तेव्हा मी गिरणगावातल्या बँकेच्या शाखेत होतो. दागिने तारण ठेवायला आलेल्या माउल्या अजून आठवतात.

१९९१ च्या नियमावलीतील कलम ५८ प्रमाणे गिरणी पाडली, तर जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे : मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. मात्र जुन्या इमारती तशाच ठेवून वापरल्या, तर वाटणी नाही. म्हणून शेडमध्ये कचेऱ्या, दुकानं, हॉटेलं आली. लोअर परळच्या फिनिक्समध्ये बाजार भरला, चिमणी तेवढी राहिली.

२००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. मग पाडण्यातच फायदा! मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती कायम ठेवली. टॉवर उठले, बागा आणि कामगारांची घरं मात्र कमी पडली.

सभासदहो, आपल्या इमारतीला पंचवीस वर्षं झाली. उद्या पुनर्विकासाचे प्रस्ताव येतील. चौरस फूट किती वाढणार, हे आपण विचारूच. पण मोकळी जागा किती राहणार आणि वाढलेला मेंटेनन्स झेपून इथे कोण राहू शकणार, हेही सर्वसाधारण सभेत विचारायला हवं.