फादर स्टीफन्सचे कुळ

ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स यांना आम्ही मराठी ख्रिस्ती साहित्याचे आद्य पुरुष मानतो. पण त्यांचे मूळ घराणे कोणते? २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास उतरले. १० नोव्हेंबरला त्यांनी लंडनमधील वडिलांना पत्र धाडले; त्यावरून त्यांना लंडनचेच समजणे साहजिक होते. संशोधक मात्र त्यांचा जन्म सुमारे १५४९ साली विल्टशर परगण्यातील बुश्टन या खेड्यात झाल्याचे मानतात. त्यापलीकडे धागा अंधूकच होतो.

आम्हां वसईकरांची आडनावे तरी कुठे कुळाची साक्ष देतात? ती बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीजांकडून आली. मात्र १६१६ साली रायतूरला छापलेल्या पुराणात या इंग्रज धर्मगुरूने मराठीची थोरवी गायिली. रक्ताने नव्हे, भाषेने ते आमचे पूर्वज होत.