जानेवारीत पाहिलेले घर, सप्टेंबरात आलेले वादळ : मायामी, १९२६ (थ्रेड)

१९२० च्या दशकात, ऐन हिवाळ्यात, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये दिव्यांचा एक प्रचंड फलक झळकत असे. मायामीत सध्या जून आहे, एवढाच त्याचा आशय. थंडीने गारठलेल्या न्यूयॉर्करच्या मनात जून म्हणजे ऊब आणि निळे आकाश. प्रत्यक्ष मायामीतला जून मात्र गडगडाटाचा आणि धो धो पावसाचा! फलक लावणारा कार्ल फिशर तिथेच जमीन विकत होता. त्याला हे ठाऊक नव्हते, असे मानणे कठीण आहे.

दक्षिण फ्लोरिडाच्या वर्षाचे सरळ दोन भाग पडतात. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा, सौम्य, लखलखीत उन्हाचा. मे ते ऑक्टोबर दमट आणि पावसाचा. वर्षभरातल्या सुमारे दीड मीटर पावसापैकी बहुतांश याच काळात पडतो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हा चक्रीवादळांचा भर. उत्तरेकडचे श्रीमंत पहिल्या भागात येत, घर पसंत करत आणि दुसरा भाग सुरू होण्याआधी परत जात. म्हणजे ते गाव अर्धेच पाहून पूर्ण किंमत मोजत होते.

गंमत अशी की, मायामी वसले तेही हवामानामुळेच. १८९४-९५ च्या हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीने उत्तर आणि मध्य फ्लोरिडातील संत्र्याच्या बागा जळाल्या. दक्षिणेकडचे मायामी बचावले. तिथल्या जमीनमालक ज्युलिया टटल यांनी रेल्वेसम्राट हेन्री फ्लॅगलरला संत्र्याचा ताजा मोहोर पाठवला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी १८९६ मध्ये रेल्वे आली आणि त्याच वर्षी शहर स्थापन झाले, हे खरे.

१९२० मध्ये जेमतेम ३० हजार वस्ती असलेल्या या शहरात पुढची पाच वर्षे जमिनीचे वेड लागले. फिशरने बिस्केन उपसागराचा तळ उपसून, खारफुटीचे जंगल तोडून, त्यावर वाळू पसरून मायामी बीच उभे केले. खाडीपलीकडे, आतल्या चुनखडीच्या कण्यावर, जॉर्ज मेरिकने कोरल गेबल्स वसवले; तिथले भूखंड खपावेत म्हणून तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन भाषणे देत. खरी उलाढाल मात्र इसारपावत्यांची होती. साधारण दहा टक्के इसार द्यायचा आणि पुढचा हप्ता येण्याआधीच पावती दुसऱ्याला चढ्या भावाने विकायची. घेणाऱ्याने जमीन पाहिलेली असेलच, असे नाही. २६ जुलै १९२५ च्या ‘मायामी डेली न्यूज’ला ५०४ पाने होती!

आता घरांकडे पाहा, कारण माझ्या मते या कथेचे मर्म तिथे आहे. या प्रदेशातल्या सेमिनोल लोकांची ‘चिकी’ म्हणजे जमिनीपासून उचललेला तक्तपोशीचा ओटा, चारही बाजू उघड्या, वर ताडपत्रांची शाकारणी. पूर आणि दमटपणा दोन्हींचा विचार त्यात होता. नौकांचे आराखडे करणाऱ्या राल्फ मनरोने १८९१ मध्ये कोकोनट ग्रोव्हमध्ये बांधलेले ‘बार्नॅकल’ हे घरही उंचावर, सभोवती रुंद पडवी, माथ्यावर गरम हवा बाहेर काढणारी झडप, आणि तुळया जहाजासारख्या बोल्टांनी आवळलेल्या. वादळाचा अनुभव असलेल्या माणसाचे ते घर होते. तेजीच्या काळात मात्र फॅशन आली ती भूमध्य समुद्राकाठची : लाल कौले, गिलाव्याच्या भिंती, कमानी. हरिकेन ठाऊक नसलेल्या किनाऱ्याची ही शैली हरिकेनच्या वाटेवर रुजवली गेली.

१९२५ अखेर रेल्वे कंपन्यांनी कोंडीमुळे बांधकाम साहित्याची वाहतूक रोखली. १० जानेवारी १९२६ रोजी ‘प्रिन्स वाल्देमार’ हे जहाज बंदराच्या तोंडाशीच कलंडले. भाव घसरू लागले होते.

आणि मग १८ सप्टेंबरची पहाट. धोक्याचा अधिकृत इशारा आदल्या रात्री उशिरा निघाला. तोवर बहुतेक शहर झोपले होते. सकाळी सहाच्या सुमारास वारा एकाएकी थांबला. लोक आनंदाने बाहेर पडले, मायामी बीचवर अडकलेले मुख्य भूमीकडे जाणारा पूल ओलांडू लागले. हवामान खात्याचे स्थानिक प्रमुख रिचर्ड ग्रे रस्त्यावर येऊन, हा केवळ वादळाचा डोळा आहे, परत फिरा, असे ओरडून सांगत होते. अर्ध्या तासाने वारा उलट दिशेने परतला. सुमारे दहा फूट उंचीचे उधाण मायामी बीचवरून गेले. रेडक्रॉसच्या नोंदीनुसार ३७२ माणसे दगावली, सहा हजारांहून अधिक जखमी झाली. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात तोवर एकही हरिकेन पाहिलेले नव्हते. भरावाच्या बेटाच्या तुलनेत खडकाच्या कण्यावरचे कोरल गेबल्स बरेच बचावले.

तेजी तिथेच संपली. उरलेसुरले १९२९ च्या मंदीने नेले. फिशर १९३९ मध्ये मायामी बीचवरच वारला. मेरिक पुढे मायामीचा पोस्टमास्तर झाला.

वादळानंतर बांधकामाचे नियम कडक झाले, पण अंमलबजावणी पुढे सैल पडत गेली. ती किती, हे ऑगस्ट १९९२ मध्ये ‘अँड्र्यू’ने उडवलेल्या छपरांनी दाखवले. संपूर्ण राज्याला लागू होणारी एकच संहिता २००२ मध्ये अमलात आली. मनरोचे ‘बार्नॅकल’ १९२६ मधूनही वाचले आणि १९९२ मधूनही. आज ते राज्य सरकारचे संरक्षित स्थळ आहे, आणि त्याची पडवी अजूनही तितकीच रुंद आहे.