शिकणाऱ्याची चूल

मराठवाड्यातील शिक्षणाचा इतिहास सांगताना शाळा-कॉलेजांच्या स्थापनेची सालेच बहुधा सांगितली जातात. ती महत्त्वाची आहेतच. परंतु नांदेड-लातूरकडील गरीब मनुष्य शिक्षणापासून दूर का राहिला, याचे उत्तर त्यांत सापडत नाही. आमच्या मते प्रश्न असा विचारावयास हवा : हा मनुष्य शिकत असताना त्याच्या घरची चूल कोण पेटवणार होते? या एका कसोटीवर आपण आपला इतिहास तपासून पाहू.

निजामी अमदानीत गोष्ट या प्रश्नापर्यंत पोचलीच नव्हती. कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. मराठी कुळाला आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. अशा काळात १९२१ साली हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे तेथे शिकवावयास स्वामी रामानंद तीर्थ आले. स्वामीजी आपणांस मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून ठाऊक आहेत. परंतु त्याआधी ते कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे सहायक होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. जोशींनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि तिच्यामार्फत कामगारांसाठी रात्रीच्या शाळा चालविल्या. त्यांच्याही आधी, १८५५ साली, फुले पतिपत्नींनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती.

रात्रशाळेमागील विचार उघड होता. दिवसाची मजुरी बुडू नये आणि अक्षरही डोळ्यांखालून जावे. पण १९११ च्या कायद्याने गिरणीतील पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरविला होता. बारा तास यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस रात्री पाटीवर किती वेळ डोळे उघडे ठेवणार? आठवड्याचे काम १९२२ साली साठ तासांवर, १९३४ साली चोपन्नांवर आणि स्वातंत्र्याच्या सुमारास अठ्ठेचाळीस तासांवर आले. आम्ही कामगार चळवळीतील माणसे कामाच्या तासांचा लढा हा शिक्षणाचाही लढा समजतो, तो यासाठी. नांदेडची उस्मानशाही गिरणी असो वा मुंबईची, पाळी संपल्यावर अंगात त्राण उरले तरच माणूस पुस्तक हाती धरतो.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले आणि दारे उघडली. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. त्याच साली औरंगाबादेस डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे, पुढे मिलिंद म्हणून नावाजलेले महाविद्यालय सुरू झाले. खेड्यापाड्यांतील अस्पृश्य मानलेल्या घरांतील मुलगे तेथे टिकले, यात वसतिगृहाचा आणि सरकारी शिष्यवृत्तीचा वाटा मोठा आहे. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली होती. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी तोच प्रश्न 'कमवा आणि शिका' म्हणून सोडविला. वाटा निराळ्या, पण शिकणाऱ्याच्या भाकरीचा हिशेब दोघांनीही आधी मांडला होता.

हाताच्या कसबाचे मात्र निराळे झाले. १९५० पासून देशात कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली. तिच्यातून निघालेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था नांदेडला आहेत, लातूरलाही आहेत. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री हे धंदे तेथे शिकवितात. परंतु महाराष्ट्रात या प्रशिक्षणार्थींचे विद्यावेतन कित्येक वर्षे महिना ४० रुपये होते. ते ५०० करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर पाच माणसे जेवतात, त्याला दोन वर्षांचा अभ्यासक्रम दारातून दिसतो, पण उंबरठा ओलांडवत नाही. ऊसतोडीला निम्मे वर्ष परमुलखात जाणाऱ्याचे तर नावच नको.

याच्या उलट बाजूला रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळात या भागातील माणसे खडी फोडून जगली. १९७७ साली त्या हमीचा कायदा झाला. तो कायदा मोठा आहे, त्याने चूल विझू दिली नाही. परंतु त्याने हमी दिली ती अकुशल कामाची. पाझर तलाव झाले, रस्ते झाले. ते बांधणारा मात्र पहिल्या दिवशी टोपली उचलत होता आणि शेवटच्या दिवशीही टोपलीच उचलत होता.

एकीकडे कसब होते पण भाकरी नव्हती; दुसरीकडे भाकरी होती पण कसब नव्हते. ही दोन टोके एकत्र आली ती मोठ्या दुःखाच्या प्रसंगी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचे ओझे. भिंतीचा आतला व बाहेरचा थर एकमेकांना बांधलेला नसल्याने भिंती फुटून कोसळल्या. पुनर्बांधणीत गावोगावच्या गवंड्यांना नवी रीत शिकविण्यात आली : भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड कसे बसवावेत, कोपरे कसे बांधावेत, भोवतीने पट्टा कसा घ्यावा. काम चालू, मजुरी चालू आणि शिकणेही चालू. अक्षरशत्रू गवंडीही हे शिकला, कारण शिकण्यासाठी त्याला उपाशी राहावे लागले नाही.

मग जे भूकंपानंतर जमले, ते भूकंपावाचून का जमू नये? रोजगार हमीच्या मजुराला गवंडीकामाचे धडे त्याच मजुरीत का मिळू नयेत? आडतीवरील हमालाला पावती वाचता यावी म्हणून दिवसातील एक तास भरपगारी का सुटू नये? येथे बसलेल्या श्रोत्यांत व्यापारी आहेत, कारखानदार आहेत, बांधकामाचे ठेकेदारही आहेत. शाळेला देणगी देणे चांगलेच. पण आपल्या पदरच्या माणसाला आठवड्यातून दोन तास मजुरी न कापता शिकू द्यावे, हे आमचे मागणे आहे. सरकारकडे जे मागावयाचे ते आम्ही मागतच राहू. हे मात्र आपल्या हातचे आहे आणि उद्या सकाळी करता येण्याजोगे आहे.