नगर भागातील दफ्तरे आणि त्यांची राखण

केडगाव आज अहिल्यानगर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. नगरभोवतीच्या अशा गावांचे दफ्तर पूर्वी कुलकर्ण्याच्या घरी असे. जमिनीची प्रतबंदी, वसुलाचे हिशेब, वतनाचे महजर म्हणजे निवाडपत्रे, हे सारे मोडीत लिहून रुमालात बांधलेले असे. कुलकर्णी वंशपरंपरेचा वतनदार असल्यामुळे दफ्तर सरकारचे की घराण्याचे, हे कधी नीट ठरलेच नाही. घराण्याने ते जिवापाड जपले. पण वतनाची वाटणी झाली की कागदही फुटत.

गावचा हिशेब परगण्यातून पुण्याच्या पेशव्यांच्या हुजूर दफ्तरापर्यंत पोहोचे. तिथली मांडणी आजही थक्क करते. रोजकीर्दीत दिवसाचे सर्व व्यवहार क्रमाने लिहीत आणि घडणीत त्याच नोंदी विषयवार लावीत. म्हणून एकच व्यवहार दोन वाटांनी सापडे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही शिस्त ढासळली.

1818 नंतर इंग्रजांनी हे दफ्तर ताब्यात घेतले. कोणाचे इनाम खरे हे ठरवण्यासाठी नेमलेल्या इनाम कमिशनला 1852च्या कायद्याने अधिकार मिळाले आणि वतनदारांच्या घरचे कागदही सरकारजमा होऊ लागले. ज्या कागदांच्या आधारे इनामे काढून घेतली गेली, तेच पुढे इतिहासाचे साधन झाले. 1891मध्ये पुण्यात त्यांच्यासाठी दगडी इमारत उभी राहिली; तेच आजचे पुणे पुराभिलेखागार. तिथे सुमारे 35,000 रुमाल आहेत. अभ्यासकांना मात्र ते दार दीर्घकाळ बंद होते. 1930 ते 1934 या काळात गो. स. सरदेसाई यांनी निवडक कागदांचे 45 खंड छापले, तरी तो साठ्याचा अगदी लहान अंश.

सरकारी दार बंद असताना वि. का. राजवाडे वाड्यावाड्यांतून कागद गोळा करत हिंडले. 1910मध्ये त्यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. नगरच्या निजामशाहीचे सचित्र फार्सी काव्य ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ या मंडळातच जतन झाले आहे. नेवाशाच्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या शिवचरित्राची पोथी तर थेट तंजावरात सापडली; स. म. दिवेकरांनी ती संपादित केली आणि 1927मध्ये ती छापून निघाली. खुद्द नगरमध्ये 1960मध्ये ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय सुरू झाले. सुरेश जोशी यांच्या कष्टांतून तिथे पोथ्या आणि मोडी कागदांचा मोठा संग्रह जमला.

संग्रह राखणाऱ्याचे पहिले काम म्हणजे कागदाचे मूळ घराणे आणि मूळ क्रम न मोडणे. एका घराण्याचे कागद विषयवार वाटले, तर कोणता कागद कशाच्या उत्तरात आला हे पुन्हा कळत नाही. देखणी पत्रे निवडून बाकीची बाजूला टाकणाऱ्या हौशी संग्राहकांनी याच रीतीने फार नुकसान केले. जतनाचे काम त्यानंतरचे. काजळाची शाई शतके फिकी पडत नाही, पण पाण्याने फुटते. चिंध्यांपासून केलेला हातकागद चिवट असतो. लाकडाच्या लगद्याचा यंत्रकागद आम्लामुळे पिवळा पडून तुटतो. म्हणून पेशवाईतला रुमाल शाबूत आणि शंभर वर्षांपूर्वीची फाइल भुगा, असे घडते. फाटका कागद खळ आणि जपानी टिश्यूने सांधतात. चिकटपट्टी लावली तर डाग कायमचा राहतो. कसर आणि वाळवी यांवर वेखंड, कापूर हे जुने उपाय. पण कोरडी, खेळती हवा सर्वांत उपयोगी.

महाराष्ट्रात 2005च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने सरकारी कागद जपणे बंधनकारक केले. घराघरांतले रुमाल त्याबाहेर आहेत. ज्यांच्याकडे असा रुमाल असेल त्यांनी तो न विसकटता, आहे त्याच क्रमाने, जवळच्या संग्रहालयाला दाखवावा.