वृक्षगणना

वृक्षगणना म्हणजे एखाद्या क्षेत्रातील झाडांची प्रत्यक्ष पाहणी करून त्यांची जातीनिहाय व स्थाननिहाय नोंद करण्याची पद्धत होय. महाराष्ट्रातील शहरांत ही नोंद ऐच्छिक नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये दर पाच वर्षांनी गणना करणे हे स्थानिक वृक्ष प्राधिकरणाचे कर्तव्य आहे.

नोंदीचे स्वरूप

प्रत्येक झाडाचे स्थानिक व शास्त्रीय नाव, खोडाचा घेर, अंदाजे उंची, प्रकृती, जागेचा प्रकार आणि अलीकडे उपग्रहाधारित स्थाननिर्देशांक नोंदवतात. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, मोजण्याची भारतीय वनशास्त्रातील प्रथा आहे. या उंचीखाली खोड दुभंगले असल्यास वनशास्त्रात दोन झाडे धरतात. रस्त्यावर हीच रीत लावल्यास आकडा फुगतो. वडाच्या जमिनीत रुजलेल्या पारंब्यांचेही तसेच. त्यामुळे प्रगणकांना नियम आधीच ठरवून द्यावे लागतात. बहर नसताना गुलमोहर आणि सोनमोहर यांची पाने सारखीच भासतात. अशा वेळी शेंग उपयोगी पडते. गुलमोहराची शेंग लांब, काष्ठमय व तलवारीसारखी, तर सोनमोहराची लहान, चपटी व तांबूस असते.

वयाचा प्रश्न

२०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला, तसेच तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद केली. त्यामुळे नोंदवहीतील वयाचा रकाना सर्वांत वादग्रस्त ठरतो. वयाचा अंदाज बहुधा घेरावरून बांधला जातो; परंतु पर्जन्यवृक्ष झपाट्याने जाडावतो आणि बांधीव फरसबंदीत अडकलेले झाड खुरटते. केवळ घेरावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे.

शीळफाटा परिसर

शीळफाटा येथे मुंब्रा–पनवेल मार्गाला कल्याण–शीळ रस्ता मिळतो. शीळ व खिडकाळी ठाणे महानगरपालिकेत, तर पुढील काटई कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत येते. परिणामी रस्त्याकडेची एकच रांग दोन प्राधिकरणांच्या नोंदींत विभागली जाते. नागरी हद्दीबाहेर १९७५ चा अधिनियम लागू नसून वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ पाहावा लागतो. रस्ता रुंदीकरण, मेट्रो मार्ग १२ आणि वांद्रे-कुर्ला संकुलापासून येथवर येणारा मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचा २१ किमीचा बोगदा अशी मोठी कामे या पट्ट्यात आहेत. अशा ठिकाणी काम सुरू होण्यापूर्वीची गणना हाच झाडाच्या अस्तित्वाचा पुरावा असतो; नोंद नसलेले झाड तोडले गेल्यास त्याची जात, घेर वा वय नंतर सिद्ध करणे जवळपास अशक्य होते.