वर्धेच्या खोऱ्यातील दगडी बखर

मंडळी, कामगार संघटनेचा माणूस दगडांवर काय बोलणार, असे कार्यक्रमपत्रिका पाहून काहींना वाटले असेल. मी शाळा सोडली ती नववीत. भूगर्भशास्त्राची ओळख झाली ती एका तंट्यापायी. १९९२ साली चंद्रपूर भागातील एका भूमिगत खाणीत लोडरांना टबांच्या संख्येवर मजुरी मिळे. एके ठिकाणी कोळसा एकाएकी संपला आणि समोर दगडाची भिंत उभी राहिली. टब घटले, मजुरी घटली, वर कामचुकारपणाचा ठपका आला. एक वृद्ध ओव्हरमन मला म्हणाला, "भाऊ, कोळसा संपला नाही, फॉल्ट लागला आहे." हा फॉल्ट, म्हणजे विभंग, काय चीज आहे ते कळावे म्हणून मी वाडियांचा हिंदुस्थानच्या भूगर्भावरील ग्रंथ शब्दकोश उशाशी ठेवून वाचला.

इतिहास म्हटला की आपण शिवकालापर्यंत जातो, फार तर सातवाहनांपर्यंत. या खोऱ्याची बखर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी सुरू होते. त्या वेळी आपली भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती आणि तिच्यावर बर्फ होते. चंद्रपूरच्या मे महिन्यात हे सांगावे तर ऐकणारा आपल्याच कपाळाला हात लावून पाहतो! पण इरई गावाजवळ चुनखडीच्या जुन्या खडकावर, बर्फाने रेटत नेलेल्या दगडांचे ओरखडे १८७० नंतरच्या काही वर्षांतच भूगर्भ खात्याला सापडले. बर्फाने टाकलेल्या या गोट्यांच्या थराला ओरिसातील तालचेरचे नाव आहे. तो या द्रोणीचा तळ होय.

बर्फ वितळले, नद्या वाळू आणू लागल्या, दलदलीत झाडे वाढली. जिभेसारख्या पानांचे ग्लॉसॉप्टेरिस हे त्यांतले मुख्य. ती गाडली गेली, दबली, त्यांचा कोळसा झाला. आता प्रश्न असा की, उथळ पाण्यातला गाळ शेकडो मीटर जाड साचला कसा? खड्डा तर केव्हाच भरून जायला हवा होता. उत्तर असे की, वायव्येकडून आग्नेयेकडे जाणाऱ्या विभंगांच्या मधला जमिनीचा पट्टा हळूहळू खचत होता. गाळ भरे, तळ आणखी खाली जाई. कोळसा देणाऱ्या थरांना बंगालकडील बराकर नदीचे नाव मिळाले, त्यांच्या वरच्या वालुकाश्मांना आपल्या कामठीचे. कामठीच्या वालुकाश्मात पाणी भरपूर मुरते; विहिरीला ते वरदान, खाणीत उतरणाऱ्याच्या मात्र जिवाला घोर. पुढे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला आणि पश्चिमेचा बराच भाग काळ्या पाषाणाखाली झाकून गेला.

या सगळ्या थरांना मेडलिकॉट याने १८७२ साली गोंडवन हे नाव दिले. पुढे व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूसने १८८५ साली तेच नाव दक्षिणेच्या लुप्त महाखंडाला लावले. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांना जोडणाऱ्या भूमीला आमच्या गोंड राजांच्या मुलखाचे नाव! माझ्या संघटनेतील आत्राम, मडावी ही मंडळी वर्षानुवर्षे त्या खडकात राबली. ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती.

असो. फॉल्टकडे वळू. साध्या विभंगाची भेग आपल्यापासून पुढे उतरत असेल, तर पलीकडचा कोळसा खाली गेलेला असतो; ती आपल्याकडे उतरत असेल, तर वर राहिलेला. ओव्हरमनला हे पुस्तकावाचून ठाऊक होते. आणखी एक गंमत अशी की, ज्या विभंगांनी आमची मजुरी कापली, त्यांनीच हा कोळसा राखला. पट्टा खाली खचला म्हणून तो टिकला. उंचावर राहिला असता तर ऊनपावसाने कधीच धुऊन नेला असता.

व्यवस्थापनापुढे मी खडूने ही आकृती काढली. ओव्हरमनने बोट ठेवले तिथे चार दिवसांनी, कमरेइतक्या खोलीवर, कोळसा लागला. दगड काढलेल्या पाळ्यांची मजुरी मिळायला मात्र पुढे सात महिने गेले.